कार्डिफविरुद्धचा झेल

साऱ्या इंग्लंडात बेसबॉलसाठी नारळ फोडणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हा माझ्या पत्रिकेतलाच काहीतरी दोष असणार. दर वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला तिकडे अमेरिकेत हंगाम सुरू झाला, की इकडे साउथहॅम्प्टनमध्ये हा आंघोळ करून मागच्या अंगणात येई, फरशीवर नारळ आपटी आणि त्यातल्या पाण्याचे चार थेंब आपल्या जुन्या ग्लोव्हवर शिंपडी. पहिल्या वर्षी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी कुंपणावरून डोकावून काही मदत हवी आहे का, असं काळजीने विचारलं. याने त्यांना नारळाची एक वाटी दिली आणि बेसबॉलचे नियम समजावले. दुसऱ्या वर्षीपासून मार्च संपत आला की त्या बाईच, यंदा कधी फोडणार, म्हणून चौकशी करू लागल्या. त्याच गल्लीत मी त्याच्या आधी पाच वर्षांपासून राहत होतो. मला त्या बाईंनी 'गुड मॉर्निंग'च्या पुढे कधी काही विचारलं नव्हतं.

हेवा इथूनच सुरू होतो, हे आधी कबूल केलेलं बरं. साडू हे नातंच मुळी तसं आहे. बहिणी-बहिणींचं एकमेकींवर प्रेम, आणि त्यापायी दोन परक्या पुरुषांनी जन्मभर शेजारी शेजारी बसून जेवायचं, आणि समोर बसलेल्या सासऱ्यांनी दोघांकडे आळीपाळीने बघायचं. तीन वर्षं मी एकटा जावई होतो. त्या तीन वर्षांत सासरी माझ्या मताला किंमत होती, माझ्या विनोदांना हसत असत, आणि मला वांगं आवडत नाही हे लक्षात ठेवून स्वयंपाक होत असे. मग धाकट्या मेहुणीने लग्न ठरवलं. मुलगा अमरावतीचा, डॉक्टर, ऑपरेशनच्या वेळी भूल देणारा. पहिल्याच भेटीत त्याने माझ्या सासूबाईंच्या हातचं भरलं वांगं तिसऱ्यांदा मागून घेतलं, आणि माझं राज्य खालसा झालं.

अमरावतीच्या माणसाला बेसबॉलचं वेड कसं, असं इथले लोक विचारत. त्याचं उत्तर सोपं होतं. आमच्या पुण्यात गल्लीगल्लीत क्रिकेट चालत होतं तेव्हा हा तिकडे शाळेच्या मैदानावर सॉफ्टबॉल खेळत होता, जिल्ह्याच्या संघातही होता. सॉफ्टबॉल आणि बेसबॉल यांत तो काही फरक मानत नसे; एक मावशी आणि एक आई, एवढाच काय तो फरक, असं म्हणे. अमेरिकेत तो कधी गेलेला नव्हता. तरी तिकडच्या तीसही संघांचे खेळाडू, त्यांचे खांदे, गुडघे आणि घटस्फोट त्याला पाठ होते. सामने इथे टीव्हीवर नको त्या वेळी लागत, म्हणून तो ते टेपवर घेई आणि दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर पाही. तोपर्यंत निकाल कळू नये म्हणून त्याने दारावर कागद चिकटवला होता: 'कृपया आत येण्यापूर्वी स्कोअर सांगू नये.' खाली तेच इंग्रजीत. आता साउथहॅम्प्टनमध्ये अमेरिकेतला स्कोअर सांगणारा कोण होता? पोस्टमन? पण तो कागद वाचून खरोखरच पोस्टमन दबक्या पावलांनी यायला लागला.

इस्पितळातही तेच. भूल देताना पेशंटला उलटे आकडे मोजायला सांगायची पद्धत आहे. हा त्यांना बेसबॉलच्या मैदानावरच्या नऊ जागा म्हणायला लावी. पिचर, कॅचर, फर्स्ट बेस. सहाव्या जागेपर्यंत कोणी जागं राहिलेलं नाही, असं तो अभिमानाने सांगे. लोकांना ते आवडे. नाताळात त्याच्याकडे पेशंटांची एवढी कार्डं येत, की त्याच्या हॉलमध्ये दोऱ्या बांधाव्या लागत. मी एका जहाज कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. माझं काम बिनचूक झालं तर कोणाला कळत नाही, आणि चुकलं तर कंटेनर भलत्याच बंदरात जातो. अशा कामाबद्दल कार्डं येत नाहीत. एकदा मी बायकोला हे बोललो, तर ती म्हणाली, "अरे, मग तू पण लोकांशी जरा दोन शब्द बोलत जा ना." माझी बायको. माझ्या घरात. त्याच्या वतीने.

वाईट हे, की माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर माझं अर्धं ओझं उतरलं असतं. आमचा बॉयलर बंद पडला की हा आपला हीटर घेऊन हजर. मला ताप आला की याची खिचडी. दर रविवारी दुपारी आमच्याकडे जेवायला येई आणि दारातूनच विचारी, "काय करून राहिले साडूभाऊ?" वयाने आणि नात्याने मी थोरला, म्हणून तो मला 'तुम्ही' म्हणे आणि मी त्याला 'तू'. एवढी एकच बाजू माझ्याकडे उरली होती, आणि ती मी जपून वापरत असे.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात अधिक महिना आला. जावयांना वाण द्यायचं म्हणून सासू-सासरे नाशिकहून आले, आणि सासूबाईंनी अनारशाचं पीठ डबे भरभरून सोबत आणलं. मी थोरला, म्हणून मानाचा पहिला घाणा माझा. पण इथल्या इलेक्ट्रिक शेगडीचा अंदाज त्यांना यायचा होता, तूप नको तेवढं तापलं, आणि माझे निम्मे अनारसे कढईत हसले. म्हणजे विरघळून त्यांचा चुरा झाला. दुसऱ्या दिवसापर्यंत शेगडी त्यांच्या हाताला आली होती. साडूच्या वाट्याचे तेहतीसच्या तेहतीस जाळीदार, खसखशीचे, मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभतील असे उतरले. सासूबाई माझी समजूत घालत म्हणाल्या, चव तीच आहे. चव तीच होती, हे मलाही माहीत होतं. चवीचा प्रश्नच नव्हता.

सासरे, म्हणजे अण्णा, निवृत्त जिल्हा न्यायाधीश. निवृत्तीनंतर त्यांच्यापुढे खटले येणं बंद झालं होतं आणि त्यामुळे त्यांची तब्येत बिघडत चालली होती. साडूने हे ओळखलं. पहिल्याच रविवारी जेवण झाल्यावर त्याने त्यांच्यापुढे एक प्रकरण ठेवलं. त्या वर्षी अमेरिकेत मोठी खळबळ चालू होती. बेसबॉलचे मोठमोठे फलंदाज स्टेरॉइड घेऊन दंड फुगवतात आणि विक्रम मोडतात, असा बोभाटा होता; आणि दुसरीकडे, पूर्वी कधी तरी स्वतःच्याच खेळावर पैजा लावल्या म्हणून एका थोर खेळाडूला जन्मभर बाहेर बसवलेलं होतं. तर या दोहोंत खेळाची जास्त हानी कोण करतो, जुगारी की औषध घेणारा? "अण्णा, तुम्हीच सांगा न," तो म्हणाला. अण्णांनी बेसबॉल कधी पाहिलेला नव्हता. पण त्यांनी चष्मा पुसला, पाणी मागवलं, आणि दोन्ही पक्षांना बोलायला सांगितलं. दोन पक्ष म्हणजे अर्थात एक तो आणि एक मी.

त्याने आधीच जुगार जास्त वाईट ही बाजू घेतली होती, म्हणून मला स्टेरॉइड जास्त वाईट असं वाटू लागलं. तोपर्यंत मला काहीच वाटत नव्हतं. पण बोलायला लागलो आणि माझं मलाच नवल वाटलं, इतकं मी तळमळून बोललो. म्हणालो, जुगाऱ्याने एक सामना विकला तर एक सामना बुडतो. पण जो सुया टोचून घेतो तो शेजारच्या खेळाडूला मारतो. कोणीतरी सरळ मार्गाने, रोज सकाळी उठून सराव करून, बऱ्यापैकी चांगला खेळत असतो. आणि अचानक बाजूला हा फुगलेला माणूस येऊन उभा राहतो. चेंडू मैदानाबाहेर, टाळ्या त्याला, फोटो त्याचा. त्या बऱ्यापैकी माणसाचं नाव कोणी कुठे लिहून ठेवतं का? त्याने एकतर स्वतःही सुई घ्यायची किंवा घरी बसायचं. माझा आवाज चढला होता. बायको माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटतं, मी कोणाबद्दल बोलतोय हे तिथे फक्त तिलाच कळलं.

साडूने शांतपणे ऐकून घेतलं. मुद्दा खरा आहे, असं मोकळेपणाने म्हणाला, आणि त्याने मी आणखीच चिडलो. मग त्याने आपलं एकच वाक्य मांडलं. "अण्णा, औषध घेणारा जिंकण्यासाठी लबाडी करते, पैज लावणारा कधी कधी हरण्यासाठी करते. आपल्याच लोकांत उभा राहून." ज्या मैदानात एक जरी असा माणूस आहे, त्या मैदानात सुटलेला प्रत्येक झेल संशयाचा होतो, मग बघणाऱ्याने कोणासाठी जीव टाकायचा?

अण्णांनी मला प्रश्न केला, "जावईबापू, औषध घेतलेला खेळाडू हरला, तर त्याला वाईट वाटतं का?" वाटत असावं, मी म्हणालो. "आणि पैज लावून हरलेल्याला?" मग त्यांनी निकाल दिला: दोघेही दोषी, थोरल्या जावयांनी मांडलेली हानी खरी आणि ती दुर्लक्षू नये, परंतु ज्याला हरल्याचं वाईट वाटत नाही त्याने मैदानात उतरूच नये, सबब दुसरा गुन्हा मोठा. साडूने उठून त्यांच्या पाया पडून गंमत केली. सगळे हसले. पुढचे पंधरा दिवस अण्णा त्याच्याबरोबर सोफ्यावर बसून टेपवरचे सामने बघत होते, आणि फोनवर नाशिकच्या मित्रांना सांगत होते, की आमचे धाकटे जावई म्हणजे फार विचारी माणूस.

त्याच महिन्यात कार्डिफचा सामना होता. आमच्या आणि कार्डिफच्या मराठी मंडळींची दर जूनमध्ये एकत्र सहल असे, आणि सहलीत जेवणाआधी एक सामना. खेळ कोणता, तर साडूच्या कृपेने सॉफ्टबॉल. यात त्याची एक घोडचूक झाली होती. वेल्समध्ये त्यांचा स्वतःचा एक बेसबॉल आहे, तो तिथल्या शाळांत पोरं-पोरी लहानपणापासून खेळतात, हे याला ठाऊकच नव्हतं. कार्डिफची मंडळी बसमधून उतरत ती आपल्या या तयार कार्ट्यांना घेऊनच. चार वर्षं त्यांनी आम्हाला धुऊन काढलं होतं. साडू हरल्यावर हसे, सगळ्यांना सरबत देई, पण घरी जाऊन दोन दिवस टेप लावत नसे, हे मला मेहुणीकडून कळलं होतं. आयुष्यात त्याला फार काही नको होतं. कार्डिफला एकदा हरवायचं होतं. त्या वर्षी त्याने मार्चपासून आमच्या लोकांचा सराव घेतला. दोन भूलतज्ज्ञ, एक बँकवाला, तीन सॉफ्टवेअरवाले, कोल्हापूरची एक नर्स, सगळ्यांना त्याने झेल शिकवले. मला त्याने उजव्या कोपऱ्यात, पार लांब उभं केलं. तिकडे चेंडू येत नाही, हे मला कळत होतं.

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस पडला नाही. आमचे लोक कधी नव्हे ते खेळले. शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो, कार्डिफचे दोन गडी बाद, दोघे बेसवर, आणि आता एकच गडी उरला होता. साडू स्वतः चेंडू टाकत होता. समोरच्या मुलीने तो उंच मारला, आणि चेंडू सरळ माझ्याकडे यायला लागला. पळावंसुद्धा लागणार नव्हतं. सोपा झेल होता. तो सराव मी वीस वेळा केला होता. साडूने ओरडून काही सांगितलं नाही. तो नुसता वळून माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर आधीच आनंद होता, इतका माझ्यावर विश्वास. आणि त्याच्या मागे, घडीच्या खुर्चीतून, अण्णा टाळ्या वाजवायला उठत होते. माझ्यासाठी नाही. झेल माझा आणि टाळ्या त्याला.

मी ग्लोव्ह मिटायला उशीर केला. थोडाच. चेंडू अंगठ्याला लागून खाली पडला, दोघेही धावत घरी, म्हणजे होम बेसवर, पोचले, आणि कार्डिफ जिंकलं. निसटला, निसटला, असं सगळे म्हणाले. तो निसटला नव्हता, मी सोडला होता. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला अजिबात वाईट वाटलं नाही. बरं वाटलं. अण्णा पुन्हा खुर्चीत बसताना दिसले आणि आणखीच बरं वाटलं.

सगळ्यांच्या आधी साडू धावत आला. त्याने माझा हात हातात घेतला, अंगठा वाकवून पाहिला, एकेक बोट दाबलं, दुखतंय का विचारलं. मग मागून आलेल्या लोकांकडे वळून मोठ्याने म्हणाला, "ऊन आलं त्यांच्या डोळ्यांवर. माझीच चूक आहे, मीच त्यांना त्या बाजूला उभं केलं." लोक माझ्या पाठीवर थोपटून गेले. संध्याकाळी त्याने स्कोअरबुक भरलं तेव्हा माझ्या जागेसमोर झेल सोडल्याची चूक लिहिली नाही. त्या मुलीच्या नावावर सरळ चांगला फटका लिहिला. परतताना गाडीत बायकोने खिडकीतून आभाळाकडे बघितलं. मग म्हणाली, "आज ऊन होतं कुठे?"

पुढच्या रविवारी तो जेवायला येणार नाही, असं मला वाटत होतं. तो आला, काय करून राहिले म्हणून विचारलं, आणि आमटी दोनदा घेतली. पुढच्या जूनमध्ये त्याने मला फर्स्ट बेसवर उभं केलं, जिथे दर दुसरा चेंडू येतो. मी जीव तोडून खेळलो. आम्ही सहा धावांनी हरलो. त्याच्या पुढच्या वर्षीही हरलो. आणि मग त्याला न्यूझीलंडला नोकरी मिळाली, आणि घराची बांधाबांध सुरू झाली.

मदतीला मी गेलो होतो. वरच्या खोलीत आम्ही दोघंच टेपची खोकी चिकटवत होतो. मी त्याला सांगून टाकलं, की त्या वर्षीचा तो झेल मी मुद्दाम सोडला. तो चिकटपट्टीचं टोक शोधत होता. शोधता शोधताच म्हणाला, "माहीत आहे न. चेंडू पडला तेव्हा सगळे चेंडूकडे बघत होते. तुम्ही अण्णांकडे बघत होते." मग मला पुढच्या वर्षी घेतलंस कशाला, मी विचारलं, तुझ्याच म्हणण्याप्रमाणे असा माणूस जन्मभर बाहेर पाहिजे. यावर तो पहिल्यांदा नीट हसला. "तो नियम पगारी लोकांसाठी आहे, साडूभाऊ. घरच्यांना कुठे बाहेर काढता येते?" दोन वर्षं हे पोटात ठेवून तो दर रविवारी माझ्या घरी जेवला होता, आणि त्याला ते जड गेलं आहे, असं एकदाही दिसलं नव्हतं.

तो गेल्यावर कॅप्टन मी झालो, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. आणि पुढच्याच जूनमध्ये आम्ही कार्डिफला हरवलं. एका धावेने. शेवटचा झेल कोल्हापूरच्या नर्सने घेतला. लोक नाचले, मला उचलायचाही प्रयत्न झाला. मी मैदानाच्या कडेला जाऊन न्यूझीलंडला फोन लावला. तिकडे मध्यरात्र होती. त्याने मला एकेक डाव सांगायला लावला, कोण कुठे उभं होतं ते विचारलं, मध्येच मेहुणीला हाक मारून उठवलं, आणि शेवटचा झेल तर दोनदा सांगायला लावला. त्याच्या आवाजात कुठे खंत सापडते का, म्हणून मी कान देऊन ऐकत होतो. नव्हती. जो सामना मी त्याच्या हातून घालवला होता, तो आता त्याच्याशिवाय जिंकला गेला होता, आणि तो मनापासून, पोटातून खूश होता. मला त्याचा हेवा वाटला. पूर्वी कधी वाटला नव्हता इतका. फोन ठेवताना तो म्हणाला, अण्णांना कळवा, त्यांना बरं वाटेल. मी कळवतो म्हणालो, पण नाचणाऱ्यांत जाऊन मिसळलो नाही, कारण मला तो सामना परत त्याला द्यायचा होता आणि ते आता कोणाच्याच हातात नव्हतं.